नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुलीला समुद्रावर नेताना कोणती तयारी करावी?

प्रश्न : भाचीची_मावशी (पुणे)

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आमची दोन कुटुंबे मिळून तारकर्लीला जाणार आहेत. सोबत माझ्या बहिणीची मुलगी येणार आहे. ती साडेअकरा वर्षांची असून गेल्या उन्हाळ्यात तिची पाळी सुरू झाली. बहिणीला आणि मेव्हण्यांना रजा मिळत नसल्यामुळे तिथे तिची जबाबदारी माझ्यावरच असेल. मुलगी उत्तम पोहते आणि समुद्रात डुंबायला मिळेल, स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत पाण्याखालचे पाहणे) करता येईल, एवढ्याच आशेने ती आमच्याबरोबर यायला तयार झाली आहे.

अडचण अशी की तिच्या पाळीची तारीख अजून बसलेली नाही. एकदा पाच आठवड्यांनी आली, त्यानंतर दोन महिने आलीच नाही. त्यामुळे नेमकी सहलीत येईल की नाही, याचा काहीच अंदाज बांधता येत नाही. शाळेत पोहण्याच्या तासाला पाळी असली की ती सर्दीचे कारण सांगून काठावर बसून राहते, असे बहिणीकडून कळले. सहलीत तिच्याबरोबर माझे दोन मुलगे आणि दिरांचा मुलगा असतील. त्यांना यातले काहीही कळू नये, असे तिने मला आधीच बजावले आहे. सासूबाईही बरोबर आहेत आणि एक दिवस कुणकेश्वराच्या दर्शनाचा बेत आहे.

मी स्वतः आजवर पॅडखेरीज काही वापरलेले नाही. पॅड लावून पाण्यात उतरता येते का? पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून आणून ठेवाव्यात, असे बहीण सुचवते. त्या एवढ्या लहान मुलीला द्याव्यात का? टॅम्पॉन (योनिमार्गात घालायची, रक्त शोषणारी गुंडाळी) किंवा कप (आत बसवून रक्त साठवणारी लवचिक वाटी) या वयात चालतो का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : स्त्रीरोगतज्ज्ञ_नाशिक

प्रथम गोळ्यांविषयी लिहितो, कारण सणासुदीच्या आधी माझ्याकडे सर्वाधिक विचारणा त्यांचीच होते. या गोळ्यांमध्ये बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असते. त्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करून सहल संपेपर्यंत रोज घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजेच तारीख ठाऊक असेल तरच या उपायाला अर्थ आहे. आपल्या भाचीच्या बाबतीत तारीखच निश्चित नाही, तेव्हा गोळी कोणत्या दिवशी सुरू करणार? पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली एक-दोन वर्षे बऱ्याच चक्रांमध्ये बीजांड बाहेर पडत नाही, म्हणून अंतर असे कमीजास्त होते. या वयात 21 ते 45 दिवसांचे अंतर सामान्य मानले जाते आणि मधूनच एखादे अंतर त्याहून लांबले तरी एरवी निरोगी असलेल्या मुलीबाबत लगेच घाबरण्याचे कारण नसते. मात्र तीन महिने पाळी आली नाही, रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालला किंवा दर तास-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजू लागले, तर मुलीला अवश्य तपासून घ्यावे. चार दिवसांच्या मौजेसाठी वाढत्या वयातल्या मुलीला डॉक्टरांना न विचारता संप्रेरके देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

टॅम्पॉनला वयाची अट नाही. पाळी सुरू झालेल्या मुलीला तो वापरता येतो. तिची स्वतःची तयारी मात्र हवी. सर्वात कमी शोषणक्षमतेचा, म्हणजे वेष्टनावर 'लाइट' किंवा 'मिनी' असे लिहिलेला आणि आकाराने बारीक टॅम्पॉन घ्यावा. तो चार ते सहा तासांनी बदलावा, आठ तासांपेक्षा जास्त वेळ कधीही आत ठेवू नये आणि रात्री झोपताना पॅडच वापरावे. नवा घालण्यापूर्वी जुना काढल्याची खात्री करावी. टॅम्पॉन वापरत असताना अचानक जोराचा ताप, उलट्या, जुलाब, चक्कर किंवा उन्हाने भाजल्यासारखे पुरळ दिसल्यास तो तत्काळ काढून रुग्णालय गाठावे. हा जंतूंच्या विषामुळे होणारा विकार अतिशय विरळा असला, तरी मुलीला आणि तुम्हालाही त्याची लक्षणे ठाऊक असलेली बरी.

कप हे साधन चांगले आहे, पण तो घडी घालून आत बसवणे, हवेची पकड सोडवून बाहेर काढणे आणि उकळून ठेवणे हे सगळे अंगवळणी पडायला वेळ लागतो. ज्या मुलीने अजून काहीच वापरून पाहिलेले नाही, तिने पहिला प्रयोग परक्या गावच्या न्हाणीघरात करू नये.

उत्तर : जलतरण_प्रशिक्षिका

पॅडचा प्रश्न लगेच सोडवते. पॅड लावून पाण्यात उतरू नये. ते काही क्षणांत तलावाचे पाणी शोषून फुगते, त्याचा चिकटपणा जातो, त्यात रक्तासाठी जागाच उरत नाही आणि ते पोशाखाबाहेर सरकण्याची शक्यता असते. मुलींना नेमकी हीच फजिती नको असते.

पाण्यात पाळी थांबते असे अनेकींना वाटते, पण तसे होत नाही. बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे स्राव बाहेर पडण्याचे प्रमाण तात्पुरते कमी होते एवढेच. खोकला, हसू किंवा उडी यांमुळे तो दाब मोडतो आणि पाण्याबाहेर येताच स्राव पूर्ववत सुरू होतो. त्यामुळे खरी काळजी पाण्यातल्यापेक्षा काठावर येण्याच्या क्षणाची घ्यावी. मी माझ्या विद्यार्थिनींना काळ्या किंवा गडद निळ्या रंगाचा, गुडघ्यापर्यंत येणारा कॉस्च्यूम घ्यायला सांगते आणि काठाजवळ गडद रंगाचा टॉवेल ठेवायला लावते. पाण्यातून वर येताच टॉवेल गुंडाळून कपडे बदलण्याच्या खोलीत जायचे, हा सर्वच मुलींचा नेहमीचा क्रम असला की कोणाला काही वेगळे जाणवत नाही. टॅम्पॉन असेल तर त्याची दोरी कॉस्च्यूमच्या आत नीट सारून घ्यावी आणि पोहून झाल्यावर तो बदलावा, कारण भिजलेली दोरी अंगाला लागून राहणे त्रासदायक होते.

पोटात सौम्य कळा असताना हलके पोहल्याने पुष्कळ मुलींना बरे वाटते. फार दुखत असेल तर मात्र पोहण्याचा आग्रह धरू नये.

2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई हिने 4×100 मीटर मेडली रिलेनंतर टीव्हीवरील मुलाखतीत, आदल्या रात्री पाळी आल्यामुळे आपल्याला थकवा जाणवत होता, असे मोकळेपणाने सांगितले होते. चीनचा संघ त्या शर्यतीत चौथा आला. पाळीत पाण्यात कसे उतरता येते, असा प्रश्न तेव्हा तिच्या देशातही अनेकांना पडला होता. सर्दीचे कारण सांगून काठावर बसणाऱ्या मुलींना मी हा प्रसंग आवर्जून सांगते.

उत्तर : जुन्या_वळणाची

मी शिवाशिव मानत नाही आणि माझ्या सुनांनाही कधी बाजूला बसवले नाही, हे आधी सांगते. तरीही अकरा वर्षांच्या मुलीला शरीराच्या आत काही घालायला शिकवणे मला पटत नाही. लग्नाआधी असे काही वापरू नये, असे आमच्या पिढीला सांगितले गेले. ते बाजूला ठेवले, तरी त्या पोरीला स्वतःला ते हवे आहे का, हे कोणी विचारले आहे काय? दोन दिवस पाण्यात न उतरता किनाऱ्यावर किल्ले केले तर बिघडले कुठे?

उत्तर : स्त्रीरोगतज्ज्ञ_नाशिक

काकू, आपल्या शेवटच्या प्रश्नाशी मी पूर्णपणे सहमत आहे. मुलीला विचारल्याशिवाय कोणतेही साधन तिच्यावर लादू नये. मात्र लग्नाचा मुद्दा वैद्यकीयदृष्ट्या टिकत नाही. योनिपटल हा योनिमार्गाच्या तोंडाशी असलेला लवचिक पडदा असतो. तो सहसा मार्ग पूर्ण झाकत नाही, त्यातूनच पाळीचे रक्त बाहेर येते. प्रत्येकीत त्याचा आकार वेगळा असतो, टॅम्पॉनमुळे तो थोडा ताणला जाऊ शकतो आणि त्यावरून कौमार्य ठरवता येत नाही. टॅम्पॉन आत जातच नसेल किंवा फार दुखत असेल, तर मात्र जोर करू नये आणि डॉक्टरांना विचारावे.

उत्तर : लेस्टरची_आई

इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलांना 25 मीटर पोहता यावे, अशी अभ्यासक्रमाची अपेक्षा आहे. त्यामुळे इथल्या मराठी आयांपुढे हा प्रश्न मुलगी दहा-अकरा वर्षांची होताच येऊन उभा राहतो. माझ्या धाकटीने टॅम्पॉन नको असे ठामपणे सांगितले. तिच्यासाठी आम्ही पाळीत वापरायचा पोहण्याचा पोशाख घेतला. त्याच्या आत शोषून घेणारा थर असतो आणि बाहेरचे कापड पाणी अडवणारे असते. हलक्या स्रावाच्या दिवशी, आणि 'आज येईल की काय' अशा धास्तीच्या दिवशी, तो उत्तम काम देतो. भरपूर स्रावाच्या दुसऱ्या दिवशी त्यावर विसंबून राहता येत नाही. तो अंगाला घट्ट बसला पाहिजे, सैल असेल तर उपयोग नाही. वापरल्यावर थंड पाण्याने धुवावा. वाळायला मात्र फार वेळ घेतो, म्हणून दमट हवेत जाणार असाल तर एकाऐवजी दोन बरोबर ठेवा. आपल्या भाचीच्या तारखा अनिश्चित आहेत, त्यामुळे मी पहिला विचार याच पोशाखाचा केला असता.

उत्तर : देवबागची_वहिनी

आमचे तारकर्लीशेजारच्या देवबागला घरगुती निवासस्थान आहे, म्हणून इथली परिस्थिती सांगते. नदी आणि समुद्राच्या संगमावरून डॉल्फिन पाहायला आणि वाळूच्या बेटाकडे जाणाऱ्या होड्यांवर शौचालय नसते, आणि एकदा होडीत बसले की बराच वेळ परतता येत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग आणि स्कूबासाठी नेणाऱ्या होड्यांवरही बहुतेक वेळा पुरुषच असतात आणि कपडे बदलायला आडोसा मिळेलच असे नाही. म्हणून होडीचा बेत सकाळी ठेवावा, निघण्यापूर्वी खोलीतच सर्व आटपून घ्यावे आणि पिशवीत एक सैल परकर टाकावा. आमच्या आया छातीवर परकर बांधून नदीवर कपडे बदलत असत, तीच युक्ती होडीवर अजूनही सर्वांत सोयीची आहे. समुद्रात मुलीला एकटीला सोडू नका. संगमाजवळ भरती-ओहोटीची ओढ मोठी असते, त्यामुळे पाळी असो वा नसो, स्थानिक माणसाने दाखवलेल्या जागीच उतरावे.

दुसरी विनंती कचऱ्याची आहे. पॅड किंवा टॅम्पॉन कमोडमध्ये टाकू नये. इथे घरोघरी सेप्टिक टाक्या आहेत आणि त्या तुंबल्या की उपसायला माणूस लवकर मिळत नाही. पुण्यात स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक भगिनींनी वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत सुरू केली आहे. तुम्ही पुण्याच्याच असल्यामुळे ती ठाऊक असेल, तीच इथेही पाळावी. जुनी वर्तमानपत्रे आणि कागदी पिशव्या घरूनच आणा. खोलीत झाकणाचा डबा हवा असेल तर आरक्षण करतानाच मालकिणीला फोनवर सांगा. मालकीण बाईमाणूस असेल तर कारण विचारत नाही.

भाचीची_मावशी

सर्वांचे मनापासून आभार. गोळ्यांचा विचार सोडला आहे आणि बहिणीलाही त्यामागचे कारण पटले. काल भाचीला घरी बोलावून, मुलांना त्यांच्या बाबांबरोबर बाहेर पाठवून, तुमची उत्तरे तिला वाचून दाखवली. तिला पाळीचा पोशाख आवडला. टॅम्पॉनविषयी तिने थोडा विचार केला आणि पुढच्या पाळीत घरीच, आई बाहेर उभी असताना, एकदा प्रयत्न करून पाहीन असे ती म्हणाली. नाही जमले तर पोशाख आणि काठ, असे तिचे तिनेच ठरवले. मुलांसाठी आम्ही दोघींनी एक खूण ठरवली आहे: तिने माझ्याकडे गॉगल मागितला की मी कुठलेही काम काढून तिला खोलीवर नेईन.

एक गोष्ट राहिली. सासूबाई देवदर्शनाच्या बाबतीत कडक आहेत. कुणकेश्वराच्या दिवशी पाळी आली, तर मुलीला गाडीत एकटे बसावे लागेल आणि मग सगळ्यांनाच कळेल. यावर काय करावे? आणि टॅम्पॉन आत घालताना काय लक्षात ठेवावे, हेही डॉक्टरांनी सांगितल्यास बरे होईल.

उत्तर : जुन्या_वळणाची

सासूबाईंना आता, पुण्यातच सांगून ठेवा. तिथे देवळाच्या पायरीवर नको. मी त्यांच्याच वयाची आहे म्हणून सांगते, आम्हाला आयत्या वेळी कळले की आम्ही अडून बसतो, पण आधी विश्वासात घेतले तर वाट काढतो. त्यांनी स्वतःहून म्हणावे, की माझे गुडघे दुखत आहेत, मी आणि नात समुद्राकडच्या बाजूला बसतो, तुम्ही दर्शन घेऊन या. कुणकेश्वराचे देऊळ किनाऱ्यालाच असल्यामुळे ते कोणाला खटकणार नाही. सासूबाईंचे दर्शन दुसऱ्या फेरीत होईल. आणि त्यांना मुळीच अडचण वाटली नाही, तर मुलीला खुशाल आत न्यावे.

उत्तर : स्त्रीरोगतज्ज्ञ_नाशिक

हात साबणाने धुवावेत. एक पाय बादलीवर किंवा कमोडच्या कडेवर ठेवून उभे राहावे किंवा उकिडवे बसावे. टॅम्पॉन सरळ वर न ढकलता तिरका, पाठीकडे, माकडहाडाच्या दिशेने सरकवावा आणि त्या वेळी श्वास सोडत अंग सैल ठेवावे. तो पुरेसा आत गेला की जाणवत नाही. टोचत असेल तर तो अर्धवट राहिला आहे असे समजून काढावा आणि नवा घ्यावा. प्रयत्न पाळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे स्राव भरपूर असताना करावा. पाळी नसताना 'सरावासाठी' म्हणून मुळीच करू नये, कारण कोरडेपणामुळे दुखते आणि मुलगी पुन्हा त्या वाटेला जात नाही. आपल्याकडे दुकानांत बहुधा आत सरकवायच्या नळीशिवायचे टॅम्पॉन मिळतात. पहिल्या वेळी नळीचे सोपे वाटतात, तेव्हा ते ऑनलाइन मागवायचे असल्यास दिवाळीच्या पुरेसे आधी मागवावेत.