"संपामुळे गिरण्या बंद पडल्या" या उत्तराला मी अर्धेच गुण देते

तासिका_चाळीस

अकरावी-बारावीला समाजशास्त्र शिकवते. औद्योगिकीकरण, प्रातिनिधिक संघटना, असंघटित क्षेत्र, वि-औद्योगिकीकरण (म्हणजे कारखानदारी उठून जाणं) या संकल्पनांच्या व्याख्या मुलं घोकून येतात. उदाहरण मागितलं की वाक्य ठरलेलं: "१९८२ च्या संपामुळे मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या." मी अर्धे गुण कापते. परवा एका पालकांनी विचारलं, खरं तेच लिहिलंय की, कापले कशाला? त्यांना जे सांगितलं ते इथे मांडते. पटत नसेल तर भांडा.

१८ जानेवारी १९८२ ला साठेक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण हे लोक सामंतांकडे गेले का, हे कुणी विचारत नाही.

मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६. या कायद्यानं एका भागातल्या एका उद्योगात प्रातिनिधिक संघटना एकच, आणि बोलणी करायची ती तिनंच. गिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, म्हणजे इंटककडे, म्हणजे काँग्रेसच्या घरात. दर्जा मिळायला पंचवीस टक्के सभासद पुरे. खरी मेख पुढे आहे. मोजमाप एकेका गिरणीचं नाही, अख्ख्या मुंबईच्या कापड उद्योगाचं. एका गिरणीतले झाडून सारे कामगार उद्या दुसऱ्या नेत्याकडे गेले, तरी तो नेता कायद्यानं मालकासमोर बसू शकत नाही. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार सामंतांच्या दारात गेले ते या कोंडीतून. पगारवाढ हवी होती, बदली (म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज लागणाऱ्या) कामगारांना कायम करून हवं होतं. पण सरकारला झोंबली ती तिसरी मागणी: हा कायदाच काढा.

आणि गिरण्या तेव्हा ठणठणीत होत्या असंही नाही. हातमाग वाचावा म्हणून १९५६ पासून गिरण्यांच्या मागांची संख्या सरकारनंच गोठवून ठेवली होती. त्याचा लाभ उठवला यंत्रमागांनी. बऱ्याच मालकांनी जुन्या यंत्रांवर कापड काढत राहून नफा दुसऱ्या धंद्यांकडे वळवला.

म्हणून माझ्या लेखी संप हे निमित्त. कारण लिहा, पूर्ण गुण घ्या.

हिशेबनीस

साफ असहमत.

कायदा वाईट होता, मान्य. पण तो १९४६ पासून होता आणि त्यानंतर छत्तीस वर्षं भोंगे वाजतच होते ना? मागांवरची बंदी १९५६ ची, तीही जुनीच. जी गोष्ट आधीपासून आहे ती १९८२ नंतरच्या पडझडीचं कारण कशी? नवीन घडलं ते एकच, वर्ष-दीड वर्षाची टाळेबंद शांतता. त्यात गिऱ्हाईक भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेलं ते परत आलं नाही.

सामंतांनी इंजिनिअरिंग आणि औषध कंपन्यांत भरघोस करार करून दिले, कारण तिथे द्यायला पैसा होता. कंपनीचा ताळेबंद मी बघत नाही, ही त्यांची ख्याती. तेच सूत्र त्यांनी मोडकळीला आलेल्या उद्योगाला लावलं. संप सुरू कसा करायचा हे ठरलं होतं. मिटवायचा कसा, याचा विचारच नव्हता. कायदा रद्द करा ही मागणी गिरणीमालक पुरी करू शकत होता का? नाही. मग त्याच्या दारात बसून उपयोग काय?

मॅडम, मुलांनी तुम्हाला न आवडणारं कारण लिहिलं म्हणून गुण कापू नका.

लालबागचा_घाटी

हिशेबनीस, "आधीपासून होतं" हे कागदावर ठीक. वडील रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईला होते, बदलीवर. बदली म्हणजे काय ते ऐका. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. खात्यातला कायम माणूस आला नाही तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, तुम्हाला आत घेणार. आला, तर डबा घेऊन घरी. लग्न झालं, दोन पोरं झाली, तरी वडील बदलीच. जॉबरच्या घरी सणाला काय पोचवायचं याचं आमच्याकडे वेगळं बजेट असे.

आता बदललं काय ते. एके काळी गिरणीची नोकरी म्हणजे गावात मान, पोरगी लगेच मिळायची. सत्तरच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यातलं काल लागलेलं पोरगं रिंग खात्यात आयुष्य घातलेल्या माणसापेक्षा जास्त पगार घरी आणू लागलं. चाळ एकच, गॅलरी एकच, पगार उघड दिसतो. अन् शेजाऱ्याच्या पगारामागे डॉक्टर सामंत, आमच्यामागे मजदूर संघ. लोक काय मूर्ख होते का?

आणि संप इतका टिकला तो गावामुळे. सातारा, कोल्हापूर, कोकणातून तांदूळ-ज्वारी यायची. अर्धी चाळ गावी जाऊन शेतात राबत होती.

हिशेबनीस

मूर्ख कुणीच म्हटलं नाही. राग खरा असतो आणि निर्णय चुकतो, दोन्ही एकदम होऊ शकतं.

साबरमती_ते_मुळा

संपानं गिरण्या मारल्या म्हणणाऱ्यांनी एकदा अहमदाबादकडे पाहावं. तिथे मजूर महाजन, १९१८ च्या गांधींच्या लढ्यातून आलेली, लवाद आणि समेट मानणारी संघटना. ऐंशीच्या दशकात तिथे सामंत नव्हते, असा संप नव्हता. तरी त्याच दशकात गिरण्यांमागून गिरण्या बंद पडल्या आणि हजारो लोक रस्त्यावर आले. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या त्याआधीच संपल्या होत्या. संप न होताही जे होतं, त्याचं खापर संपावर कसं फोडायचं?

हिशेबनीस

मग कोइमतूरकडेही पाहा. सूतगिरण्या तिथेही जुन्याच, पण तो पट्टा मेला नाही, वाढला. म्हणजे "काळच आला होता" हेही पूर्ण खरं नाही. कुठे गिरण्या तगल्या, कुठे नाही, याला माणसांचे निर्णय कारणीभूत आहेत. मुंबईतल्या निर्णयांपैकी सर्वांत मोठा निर्णय संपाचा होता.

तासिका_चाळीस

मोठा होता, पण एकमेव नव्हता. संप चिघळू द्यायचा हा दिल्ली-मुंबईच्या सरकारांचा निर्णय नव्हता का? मजदूर संघाचा मान गिरण्यांत गेला तर उद्या इतर उद्योगांतही हेच होईल, ही काँग्रेसची धास्ती होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनीही बंड केलं, मग तर नमतं घेणं आणखी अवघड झालं. पुढे १९८४ च्या लाटेत काँग्रेसनं देश जिंकला, पण दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेवर सामंतच गेले. हरलेल्या संपाच्या नेत्याला लोकांनी निवडून दिलं, ते कशाबद्दल? हे मी वर्गात विचारते. कोइमतूरचा मुद्दा मात्र चांगला आहे, तोही विचारीन.

खर्चीवाला_इचलकरंजी

तुमच्या मुंबईच्या भांडणात कापड कुठे गेलं ते कुणी बोलेना. कापड आमच्याकडे आलं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी.

वि-औद्योगिकीकरण हे मुंबईतनं बघितलं तर. इथं उलट झालं. पण कसं झालं ते बघा. व्यापारी सूत देणार, आम्ही मजुरीवर विणून देणार, ह्याला खर्ची म्हणतात. माग माझे, शेड माझी, वीजबिल माझं, कापड त्याचं. मंदी आली की तो सूत द्यायचं थांबवतो, माझा माग बंद. मला मालक म्हणायचं का कामगार, हे तुमच्या पुस्तकात कुठं बसतं सांगा.

आणि मागावरच्या माणसाला मजुरी पिकाच्या, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबानं, मीटरमागं. बारा-बारा तासाची पाळी. कांडीवाला वेगळा, वहिफणीवाला वेगळा, घडीवाला वेगळा, एका शेडमधे धरून मोजकी माणसं. कारखाना कायद्याच्या आकड्यात बसू नये म्हणून एका शेडच्या कागदावर चार शेडी करतात, हे काय गुपित नाही. गिरणीत जे बदलीचं कार्ड होतं ना, तेवढंसुद्धा इथं नाही. घाटीभाऊंच्या वडिलांना गेट तरी होतं उभं राहायला.

निखळ_एमपीएससी

सगळं वाचलं. दहा गुणांच्या प्रश्नाला नक्की काय लिहू? परीक्षा जवळ आलीये हो.

लालबागचा_घाटी

इचलकरंजीकरांचा प्रतिसाद लिही. पाठ होईल असा आहे.

धोटा

गिरणगाव म्हटलं की सगळे "कामगार एकजूट" म्हणून हळवे होतात, म्हणून थोडं मीठ टाकतो.

विणकाम खात्यात पगार जास्त. तिथे धोट्यातली (आडवा धागा नेणाऱ्या मागाच्या नळीतली) कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागणार, म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात इतर कामगारच येऊ देत नसत. मालकानं नव्हे, सोबत्यांनी. ते राहिले रिंग खात्यात आणि कमी पगाराच्या कामांत. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न लावून धरला: विणकाम खातं आम्हाला खुलं करणार का? लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना त्याचं उत्तर देणं जड गेलं.

बायकांचंही तेच. १९३० च्या सुमारास साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. १९८२ पर्यंत ती जवळजवळ दिसेनाशी झाली, आणि तेव्हा त्याला कुणी वि-औद्योगिकीकरण म्हटलं नाही. त्या बायका खानावळी चालवत राहिल्या, वीस-वीस गड्यांचे डबे. त्यांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, उभी राहिली १९७५ ला. वर्ग ही संकल्पना शिकवताना जात आणि बाई शेवटच्या परिच्छेदात ढकलू नका एवढंच.

हिशेबनीस

धोटा, हे मात्र मान्य करण्यासारखं आहे. पण यातून माझाच मुद्दा निघतो. कामगार हा एकसंध गट कधीच नव्हता, आणि अडीच लाख लोकांच्या नावानं एक माणूस सगळं पणाला लावत होता.

परळ_व्हिलेजमध्ये_भाड्याने

जमीन कुणी काढलीच नाही अजून, कमाल आहे. आम्ही रोज जिथे लिफ्टची वाट बघतो ती गिरणीच आहे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं. गिरणीमालकानं जमीन विकासाला काढली तर ढोबळमानानं एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ ला नियम असा फिरवला की ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू. गिरणीची जमीन मोकळी असते किती? सगळीकडे शेडच. वाटायला उरली चिमूटभर. २००५ ला उच्च न्यायालयानं हे अडवलं, २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं मालकांच्या बाजूनं निकाल दिला. मग मॉल आणि टॉवर.

संप १९८२ चा, जमिनीचा निकाल २००६ चा. मधली चोवीस वर्षं कोण निर्णय घेत होतं, ते लिहा उत्तरात.

हिशेबनीस

जमीन विकू दिली नसती तर कामगारांची देणी कुठून भागणार होती? बंद गिरणीकडे विकण्यासारखं दुसरं होतं काय?

लालबागचा_घाटी

देणी. बरं. घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले, सोडती निघाल्या त्यात काही हजारांना मिळाली. आता बाकीच्यांना मुंबईबाहेर लांब शेलू-वांगणीला जा म्हणतात. परळच्या जमिनीची देणी वांगणीला.

तासिका_चाळीस

निखळ, तुझ्यासाठी एक. या भांडणाला शिळं समजू नकोस. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत पुन्हा एकाच संघटनेला वाटाघाटीचा हक्क आहे. अट यावेळी ५१ टक्क्यांची, आणि मोजमाप त्या आस्थापनेच्या हजेरीपटावर. १९४६ च्या कायद्याशी तुलना कर: पंचवीसच्या जागी एक्कावन्न, आणि अख्ख्या उद्योगाऐवजी एक आस्थापना. दोन्ही फरक स्टँडर्ड मिलच्या कामगारांना हवेच होते.

हिशेबनीस

म्हणजे कायदा सुधारला, असं तुम्हीच म्हणताय.

तासिका_चाळीस

एका बाजूनं. पण त्याच संहितेत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांना सक्तीची झाली, आणि समेटाची बोलणी सुरू असताना संप बेकायदा.

खर्चीवाला_इचलकरंजी

हजेरीपट म्हणालात ताई. आमच्या शेडीत हजेरीपटावर नाव किती जणांचं असतंय, ते आधी विचारा.