पोलाद कारखान्याची आइस हॉकी टीम: मॅग्निटोगोर्स्कच्या मेटालुर्गचा इतिहास सांगाल काय?

खानापूरचा_गडी:
बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर केएचएलच्या, म्हणजे रशियातल्या मोठ्या आइस हॉकी लीगच्या, मॅच बघायची सवय लागलीय. २०२४ ला मेटालुर्गनं यारोस्लाव्हलच्या लोकोमोटिव टीमला फायनलमध्ये सलग चार मॅच हरवून गागारिन कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा कप, घेतला, तेव्हापासून ही टीम डोक्यातून जात नाही. ती खरंच कारखान्याची आहे काय?

जुना_मोल्डर:
होय बाळा, खरंच. मी ३१ वर्षं वाळूचे साचे भरले, म्हणून या क्लबवर माझा जीव आहे.

आधी तिथं गावच नव्हतं. मॅग्नितनाया नावाचा लोहखनिजाचा डोंगर होता. १९२९ पासून त्याच्या पायथ्याशी गाव आणि कारखाना दोन्ही उभं करायला घेतलं, १९३२ ला पहिल्या भट्टीतून लोखंड बाहेर पडलं. मधून उरल नदी जाते. कारखाना आशियाच्या काठाला, बरीचशी वस्ती युरोपच्या काठाला. सकाळी बेळगावातून महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. आपण राज्य ओलांडतो, ते खंड ओलांडतात.

टीम १९५५ ची. सोव्हिएत काळात सगळा मान मॉस्कोच्या टीमना. त्यात सेनेची त्सेस्का तर सैन्यभरतीच्या नावाखाली कुठल्याही गावचा चांगला पोरगा उचलायची. लहान गावानं घडवायचं आणि राजधानीनं न्यायचं, याचा मला अजून राग येतो. सोव्हिएत संघ मोडल्यावर मेटालुर्गचे दिवस आले. वालेरी बेलोउसोव कोच असताना १९९९ आणि २००१ ला रशियाचं विजेतेपद, आणि १९९९, २००० ला लागोपाठ युरोपियन लीगसुद्धा.

मग येवगेनी माल्किन. त्याच गावात जन्मला, तिथंच घडला. ऑगस्ट २००६ ला क्लबनं रात्री उशिरापर्यंत बसवून नव्या करारावर त्याची सही घेतली. पुढं टीम सरावासाठी फिनलंडला गेली, तेव्हा हेलसिंकीच्या विमानतळावरूनच तो निघून गेला, अमेरिकेला. पोराला दाबून थांबवणं चूकच होतं, असं माझं स्पष्ट मत. त्याच्याशिवाय टीमनं २००७ चं विजेतेपद घेतलं, हे मात्र विसरू नको.

२०१४ ला कॅनडाचे माइक कीनन कोच आणि सर्गेई मोझ्याकिन कॅप्टन, तेव्हा पहिला गागारिन कप आला. दुसरा २०१६ ला, तिसरा तू बघितलास तो.

शहापूरकरीण:
काका, लोकोमोटिवचंही एक सांगते. ७ सप्टेंबर २०११ ला मिन्स्कला पहिल्या मॅचसाठी निघालेलं त्यांचं विमान यारोस्लाव्हलजवळ उड्डाण घेतानाच पडलं. ४५ जणांपैकी एक फ्लाइट इंजिनिअर तेवढा वाचला. अलेक्झांडर गालिमोव आगीतून जिवंत बाहेर आला होता, पाच दिवसांनी तोही गेला. क्लबनं त्या मोसमात केएचएल खेळली नाही, डिसेंबरपासून खालच्या लीगमध्ये तरुण पोरं उतरवली. २०२४ ची फायनल हरले तेव्हा मला फार वाईट वाटलं. २०२५ ला त्यांनी कप जिंकला, त्या रात्री मी रडले.

खानापूरचा_गडी:
ताई, हे मला माहीतच नव्हतं. काका, माल्किन गावाला परत आलाच नाही काय?

जुना_मोल्डर:
आला की! २०१२ ला अमेरिकेत मालक-खेळाडूंच्या भांडणात लीग बंद पडली, तेव्हा थेट मेटालुर्गमध्येच. ३७ मॅचमध्ये ६५ पॉइंट, म्हणजे स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत मिळून. लीग सुरू झाल्यावर परत गेला, या वेळी सगळ्यांच्या देखत.