एसटीचा मोफत प्रवास पंच्याहत्तरीऐवजी पासष्टीपासून द्यावा का?

चर्चेची मांडणी : निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई

ऑगस्ट २०२२ पासून राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांतून ७५ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास करता येतो, आणि ६५ ते ७५ या वयोगटाला अर्धे तिकीट पडते. मोफत प्रवासाची ही अट ७५ वरून ६५ वर आणली पाहिजे, असे माझे मत आहे.

७५ हे वय कोणाला डोळ्यांपुढे ठेवून ठरवले असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो. कार्यालयात बसून नोकरी केलेला माणूस पंच्याहत्तरीतही बऱ्यापैकी हिंडता-फिरता असतो. पण केज, धारूर, वडवणी, पाटोदा या तालुक्यांतील ज्या बायांनी ऊसतोडीचे वीस-पंचवीस हंगाम काढले आणि डोक्यावरून मोळ्या वाहिल्या, त्यांची कंबर आणि गुडघे साठीच्या आतच जातात. त्यांच्यातील पंच्याहत्तरी गाठणाऱ्या थोड्या, आणि ती गाठल्यावर एसटीची पायरी चढण्याइतके बळ उरलेल्या त्याहून थोड्या. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन सरकार ६५ व्या वर्षापासून देते, म्हणजे म्हातारपण पासष्टीला सुरू होते हे एका खात्याला मान्य आहे आणि दुसऱ्या खात्याला नाही.

त्या निवृत्तिवेतनाचे महिन्याला १५०० रुपये मिळतात. त्यातून किराणा आणि औषधगोळ्या भागवून बँकेत, तहसीलला, सरकारी दवाखान्यात जायचे असते. दिवाळीनंतर मुलगा आणि सून कारखान्यावर गेले, की नातवंडे आजीच्या पदरात पडतात आणि मार्चपर्यंत तीच त्यांची आई असते. नातू तापाने फणफणला तर त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेणारी बाई ६६ वर्षांची असते. तिचे अर्धे तिकीट, नातवाचे अर्धे तिकीट, आणि तेवढेच पुन्हा परतीचे. ‘उद्या बघू’ म्हणून एक दिवस काढला जातो तो याच हिशेबामुळे, हे मी शाळेत असताना अनेकदा पाहिले आहे.

रेल्वेचा पर्याय आमच्याकडे नावालाही नाही. अंबाजोगाई शहरात आजही रेल्वे नाही, बीडला ती सप्टेंबर २०२५ मध्ये पोहोचली. आणि जिथे रेल्वे आहे तिथेही ज्येष्ठांना मिळणारी सवलत, म्हणजे पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के, मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. आमच्या गल्लीतील एका आजींनी पंच्याहत्तरी पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा एकटीने प्रवास केला. परत आल्यावर त्या म्हणाल्या, “आता लेकीकडं जायला कोणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.” हे वाक्य ऐकायला माणसाने आणखी दहा वर्षे का थांबावे?

प्रतिसाद : लेखापरीक्षक, छत्रपती संभाजीनगर

बाई, आपण मांडलेले चित्र खरे आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

महामंडळाचा संचित तोटा १०,००० कोटी रुपयांच्या पुढे गेलेला आहे. सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला भरून देते, असे कागदावर असते. परंतु ती रक्कम वेळेवर आणि पूर्ण आली नाही, की त्याचा पहिला फटका कर्मचाऱ्यांच्या पगाराला, दुसरा सुट्या भागांच्या खरेदीला आणि तिसरा नव्या गाड्यांना बसतो. मार्च २०२३ मध्ये सर्व वयाच्या स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत दिली गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. भाडेवाढीला डिझेलपासून वेतनापर्यंत अनेक कारणे असतात हे मला समजते. तरीही पूर्ण तिकीट काढणारा जो कोणी उरतो, तो साधारणपणे पंचविशी-तिशीतला मजूर पुरुष असतो, आणि वाढीचा सगळा भार त्याच्यावर येतो, ही गोष्ट आपल्या मांडणीत कोठेच आलेली नाही.

दुसरे असे की वय हा गरिबीचा पुरावा नाही. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत, त्यांना चांगले निवृत्तिवेतन आहे, आणि ते वातानुकूलित गाडीने पुण्याला मोफत जातात. ते पैसे देऊ शकतात आणि द्यायलाही तयार आहेत. वयाची अट ६५ वर आणली तर अशा लोकांची संख्या कितीतरी वाढेल. सवलत द्यायचीच असेल तर ती उत्पन्न पाहून द्यावी आणि साध्या गाडीपुरती ठेवावी.

प्रतिसाद : सेवानिवृत्त वाहक, परभणी

मी तीस वर्षांहून अधिक काळ तिकिटे फाडली, शेवटची काही वर्षे यंत्रातून काढली. दोघांच्याही मांडणीत काही गोष्टी सुटल्या आहेत, म्हणून लिहितो.

मोफत प्रवाशालाही तिकीट द्यावेच लागते. ते शून्य रकमेचे असते आणि यंत्रात त्याची नोंद होते. त्या नोंदींवरूनच महामंडळ सरकारकडे प्रतिपूर्तीची मागणी करते. त्यामुळे मोफत प्रवासी म्हणजे महामंडळाचे बुडालेले उत्पन्न, ही समजूत बरोबर नाही. ते सरकारकडून येणे असलेले उत्पन्न आहे, आणि ते उशिरा आले तर त्याचा दोष पायरी चढणाऱ्या आजोबांचा नाही. हेच सरकार महामंडळाकडून १७.५ टक्के प्रवासी कर घेते, हेही लेखापरीक्षक साहेबांनी हिशेबात धरायला हवे होते. रिकाम्या आसनाचा मुद्दा तर त्याहून सरळ आहे. दुपारच्या फेरीला भारमान, म्हणजे भरलेल्या आसनांचे प्रमाण, निम्म्यावर असेल, तर त्या गाडीत चार ज्येष्ठ बसल्याने डिझेल वाढत नाही.

उत्पन्न पाहून सवलत देण्याची सूचना मात्र गाडीत उभे राहून पाहावी. बाजाराच्या दिवशी पंचावन्न-साठ माणसे कोंबलेल्या गाडीत पुढचा थांबा येण्याआधी वाहकाला सगळ्यांची तिकिटे करायची असतात. आधारवरची जन्मतारीख पाहायला पाच सेकंद लागतात. उत्पन्नाचा दाखला, त्याची मुदत आणि त्यावरचे नाव पाहायचे म्हटले, तर गाडी जागेवरच उभी राहील.

पण आधारवरच्या त्या जन्मतारखेबद्दलही मला बाईंना काही सांगायचे आहे. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या जन्माची नोंद बहुधा नसतेच. आधार काढताना अंदाजाने वय सांगितले गेले आणि तारीख १ जानेवारी पडली. ज्यांच्या कपाळावरच्या सुरकुत्या ऐंशीच्या दिसत, त्यांचे वय कार्डावर ७१ असे, आणि साठीतला दिसणारा गृहस्थ ७६ चे कार्ड पुढे करी. पहिल्याकडून पैसे घेताना मला स्वतःची लाज वाटायची. ‘निजामाच्या काळातला जन्म आहे माझा’ असे एका आजोबांनी मला ऐकवले होते. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये संपले, म्हणजे २०२२ साली त्यांचे वय काय असायला हवे होते, हे कोणीही काढावे. अट ६५ वर आणली तर या अंदाजाच्या चुकीने वगळली जाणारी खरी म्हातारी माणसे पुष्कळशी आत येतील. माझ्या दृष्टीने बाईंच्या बाजूचे सर्वांत भक्कम कारण हे आहे.

प्रतिसाद : विद्यार्थी, मुखेड तालुका, जिल्हा नांदेड

काका, आपण दुपारच्या फेरीतील रिकाम्या आसनाविषयी लिहिलेत. आमच्या गावाला दुपारची फेरीच नाही. सकाळी एक गाडी येते, संध्याकाळी एक येते, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की तीही येत नाही. माझी आजी ७९ वर्षांची आहे आणि या योजनेखाली तिने आजवर एकदाही प्रवास केलेला नाही, कारण तालुक्याला जाताना ती जीपमधूनच जाते आणि जीपवाला वय विचारत नाही. महामार्गावरच्या गावांत दर अर्ध्या तासाला गाडी असते, तेव्हा या सवलतीचा लाभ कोठे जातो हे उघड आहे. ज्या गावाला रस्ता चांगला त्याला गाडी चांगली, आणि ज्याला गाडी चांगली त्यालाच सवलत.

शेजारच्या राज्यांची उदाहरणे आमच्याकडे रोज दिली जातात. कर्नाटकाने जून २०२३ मध्ये आणि तेलंगणाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या रहिवासी स्त्रियांना बसप्रवास मोफत केला; सीमेवरच्या गावांतील नातेवाइकांकडून ते ऐकायला मिळते. परंतु कर्नाटकातही जानेवारी २०२५ मध्ये भाडे १५ टक्क्यांनी वाढले, हे सांगितले जात नाही. माझा विरोध ज्येष्ठांना नाही. सरकारजवळ एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर वयाची अट दहा वर्षांनी खाली आणावी, की जिथे फेरी नाही तिथे फेरी सुरू करावी, याचे उत्तर बाईंनी द्यावे.

चर्चेची मांडणी करणाऱ्या शिक्षिकेचे उत्तर

प्रश्न टाळणार नाही. एकच गोष्ट निवडायची असेल तर आधी गाडी. ज्या गावात एसटी येत नाही तिथल्या म्हातारीला ६५ काय आणि ७५ काय, दोन्ही सारखेच, हे मला मान्य आहे, आणि मूळ लेखात मी ते लिहायला हवे होते. मी ज्या गावांत शिकवले ती सगळी गावे गाडीच्या रस्त्यावरची होती, म्हणून माझ्या नजरेतून ते निसटले.

तरीही या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असे मी मानत नाही. प्रवासी नाहीत म्हणून फेरी बंद होते, आणि फेरी नाही म्हणून प्रवासी जीपकडे जातात, हे चक्र वर्षानुवर्षे चालू आहे. गाडी भरण्याचे एक साधन म्हणून या सवलतीकडे पाहता येईल, आणि शून्य रकमेचे तिकीटही भारमानात धरले गेले, तर त्या फेरीच्या बाजूने कागदावर बोलणारे काहीतरी असेल.

लेखापरीक्षकांच्या उत्पन्नाच्या अटीला माझा विरोध कायम आहे, आणि त्याचे कारण वाहक काकांनी सांगितले त्याहून वेगळे आहे. उत्पन्नाचा दाखला काढायला तलाठ्याकडे जावे लागते, मग तहसीलला. एका खेपेत काम झाले असे मी तरी पाहिलेले नाही. ज्या बाईला तिकिटाचे पैसे जड आहेत, तिला तिकीट माफ करण्यासाठी आधी तीन वेळा तिकीट काढायला लावायचे, हे मला पटत नाही. सवलत साध्या गाडीपुरती ठेवावी हे मात्र मी स्वीकारते. दाखला मागितला नाही तरी त्यामुळे आपोआप वाटणी होईल, कारण ज्यांना परवडते ते साध्या गाडीने फारसे जातच नाहीत.

प्रतिसाद : लेखापरीक्षक, छत्रपती संभाजीनगर

दाखल्याच्या मुद्द्यावर मी माघार घेतो. खेपांचा हिशेब मी केला नव्हता. प्रवासी कराचा मुद्दाही योग्य आहे, फक्त तो कर माफ केला तरी सरकारच्याच तिजोरीत तेवढी तूट येणार, हे विसरू नये. वयाबाबत मी अजून ६५ ला तयार नाही. ७० वर्षे, फक्त साधी गाडी, आणि प्रतिपूर्ती दरमहा ठरलेल्या तारखेला देण्याचे बंधन, इतके असेल तर मी पाठिंबा देईन. तिसरी अट नसेल तर पहिल्या दोन मान्य असूनही माझा विरोध राहील, कारण उधारीवर चालणारी सवलत शेवटी मुखेडच्या त्या संध्याकाळच्या फेरीवरच येऊन पडते.

प्रतिसाद : सेवानिवृत्त वाहक, परभणी

मुखेडच्या लेकराला एक सांगतो. तुझ्या गावाला सकाळी आणि संध्याकाळीच गाडी का येते, तर ते वेळापत्रक शाळा-कॉलेज पाहून लावलेले असते. म्हातारे माणूस साडेसहाच्या गाडीने निघाले तर दवाखान्याच्या दारात दोन तास बसते, आणि काम बाराला संपले तरी पाचपर्यंत बसस्थानकावर थांबते. म्हणून ते जीपने जाते. तुझ्या गावासोबत आजूबाजूच्या चार-पाच ग्रामपंचायतींचे ठराव घे, त्यांत ६५ च्या वरची माणसे किती हे मतदार यादीवरून मोजून लिही, आणि आगार व्यवस्थापकांकडे लेखी मागणी कर : दहाला गावातून निघणारी आणि दोनला तालुक्याहून परतणारी एक फेरी. अर्जाचा मसुदा लागला तर मी लिहून देतो.