'इशुमार' आणि 'असूफ'ला मराठीत काय म्हणाल?

तिनारिवेन या मालीतल्या तुआरेग बँडची गाणी बरेच दिवस ऐकतेय, आता मैत्रिणीसाठी त्यांच्यावर मराठीत दोन पानं लिहायला बसले आणि त्यांच्या तामाशेक भाषेतल्या या दोन शब्दांवर अडकले. इशुमार म्हणजे 'बेकार' आणि असूफ म्हणजे 'विरह' असं लिहून बघितलं, पण दोन्ही पटत नाहीत. कोणी सुचवाल का?

प्रतिसाद:
इशुमार हा मूळ फ्रेंच 'शोमर' म्हणजे बेरोजगार, त्यावरून आलेला. १९७० आणि ८० च्या दशकातल्या दुष्काळांत सहारातल्या भटक्या तुआरेगांची जनावरं मेली, पोरं माली-नायजर सोडून अल्जीरिया-लिबियात मिळेल ते काम शोधत फिरायला लागली, त्यांना हे नाव पडलं. पुढे त्याच पोरांनी ते आपलं म्हणून घेतलं आणि त्यांच्या गिटारच्या गाण्यांनाही तेच नाव चिकटलं. मराठी 'बेकार'मध्ये वाईट, टाकाऊ हा अर्थ इतका मुरलाय की तो अभिमान त्यात मावत नाही, त्यामुळे मी तर इशुमारच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात ही हकिकत सांगेन.

प्रतिसाद:
आपल्याकडे 'दलित' शब्दाचं असंच झालं ना? १९७२ ला पँथर आली आणि तो शब्द ताठ मानेने उच्चारला जायला लागला.

प्रतिसाद:
जवळचं आहे पण तंतोतंत नाही. इशुमार हा परक्या भाषेतून आलेला शब्द, त्यांनी तो आपल्या भाषेच्या वळणावर नेला. गिटारचंही तेच केलं त्यांनी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिनारिवेन सुरू करणाऱ्या इब्राहिम अग अल्हबीबच्या वडिलांना १९६३ च्या उठावात मालीच्या सैन्याने मारलं, पोरगा निर्वासित होऊन वाढला, पहिली गिटार त्याने डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची वायर जोडून बनवली. पण ते वाजवतात काय तर तिंदेचा ठेका आणि इम्झादची सुरावट! इम्झाद हे एका तारेचं वाद्य फक्त बायकाच वाजवतात. तिंदे म्हणजे तर चक्क उखळ, त्याच्या तोंडावर बकऱ्याचं ओलं कातडं ताणून बायका ढोल करतात, आणि त्यावरच्या गाण्यांना, त्या बैठकीलाही तिंदेच म्हणतात. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

प्रतिसाद:
असूफसाठी 'हुरहुर'?

प्रतिसाद:
हुरहुर फार नाजूक आहे हो. असूफ म्हणजे एकटेपण, घराची ओढ हे तर आहेच, पण तंबूंच्या वस्तीबाहेरचं ओसाड रान म्हणजे पण असूफच, तिथल्या भुताखेतांना 'केल एसूफ' म्हणतात. म्हणजे जागा आणि मन दोन्ही एका शब्दात. माझी आजी म्हणायची 'घर भकास वाटतं', आणि माळही भकासच असतो. माझं मत भकासला.

प्रतिसाद (मूळ प्रश्न विचारणारी):
भकास! जागा आणि मन, दोन्ही आलं. फक्त ओढ त्यात येत नाही, त्यासाठी गाण्यात जिथे माणूस परमुलखात बसून गाव आठवतो तिथे 'करमत नाही' वापरीन. आणि तिंदेबद्दल वाचून फातू सेइदी घाली आठवली, नायजरमधल्या इल्लिघादाद गावची. भावाची गिटार घेऊन स्वतःच शिकली, आणि तिच्या ग्रुपमध्ये बायका गिटारही वाजवतात आणि तिंदेही. पोरांनी तिंदेचा ठेका गिटारवर नेला होता, या बायकांनी गिटारच तिंदेशेजारी आणून बसवली. तिंदेला मी आता 'ढोल' लिहिणार नाही, 'उखळाचा ढोल' असंच लिहीन.