सल्ला हवा: १९५२ ची विलिस फोर-व्हील पिकअप, क्राऊन-पिनियन बदलू का?

उंबरठा: मंडळी, डेन्व्हरजवळ राहतो. १९५२ ची विलिस पिकअप बघून आलोय. चार सिलिंडरचं एफ-१३४ इंजिन, तीन गिअरांचा टी-९० गिअरबॉक्स, अॅक्सलचा रेशो ५.३८ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे). गावातल्या गावात मस्त चालते, पण ताशी ऐंशी किमीच्या पुढे इंजिनाची दया येते. वापर म्हणजे सुट्टीला डोंगर आणि मधला हायवे. एक जण म्हणतो, ४.१० च्या आसपासचं क्राऊन-पिनियन (अॅक्सलमधली, हा रेशो ठरवणारी दातेरी जोडी) टाका. टाकू?

पानेवाला: नका टाकू. ७.००-१६ टायरवर टॉपमध्ये ताशी ८८ किमीला इंजिन मिनिटाला सव्वातीन हजार आवर्तनांवर फिरतं. त्याचा स्ट्रोक १११ मिमी, म्हणजे पिस्टनची धावपळ बघा. त्रास खरा आहे, औषध चुकीचं आहे. तुमच्याकडचा लव्हलँड पास बारा हजार फुटांना टेकलेला. तिथल्या विरळ हवेत सत्तरेक घोड्यांतले तिसरा हिस्सा घोडे गायब. वर अॅक्सलचा रेशोही ४.१० वर आणला तर चढावर पहिल्यातच रडत बसाल. शिवाय पुढचा-मागचा दोन्ही अॅक्सल बदलायचे, रेशो तंतोतंत सारखा.

ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीला) मागून बसणारा वॉर्न कंपनीचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे जादा वेगाचा गिअर, शोधा. आवर्तनं पंचवीस टक्के उतरतात, ८८ ला साधारण २,४५०. चढ आला की लीव्हरने बंद करायचा. आणि फर्स्ट-लो (पहिला गिअर, ट्रान्सफर केस लो मध्ये) जसाच्या तसा राहतो: एकूण रेशो ३७ च्या आसपास, हजार आवर्तनांना चालत्या माणसाचा वेग. दगडांतून उतरताना ब्रेकला पाय लावावा लागत नाही.

कसारा_लोकल: +१. आमच्या जुन्या महिंद्रा सीजे-३बी ला हाच टी-९० आणि हेच ५.३८. कसारा घाटात सेकंड किंचाळतो, थर्ड मान टाकतो, मधे काहीच नाही. सेकंड १.५५ चा, त्यावर ओव्हरड्राइव्ह टाकला की १.१६. तो मधला गिअर मिळतो हीच खरी मजा, हायवे दुय्यम. फर्स्टला सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी कडी) नाही, डबल क्लच (गिअर बदलताना क्लच दोनदा दाबणं) शिकून घ्या. आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावू नका, शाफ्ट आवळतात.

मोहोळ७१: मी उलटं सांगतो. वेग वाढवण्याआधी ब्रेक बघा. चारही ड्रम, एकच सर्किट. एक नळी फुटली की पेडल जमिनीला. मी ७० ने चालवतो, मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

उंबरठा: ब्रेकचं पटलं, ते आधी. पण पुढे पीटीओवरचा, म्हणजे गाडीच्या इंजिनाच्याच जोरावर फिरणारा, विंच (दोर ओढायचं यंत्र) आहे. अडचण?

पानेवाला: अडचणच. पीटीओ ट्रान्सफर केसच्या मागच्या त्याच तोंडावर बसतो. विंच किंवा ओव्हरड्राइव्ह, एकच. खाली वाकून फोटो काढून टाका, मग बोलू.