[मराठी शाळा] तालाचे सहा रविवार: मोबाईल कुठे हवा, कुठे नको

प्रेषक: संगीतवर्गाची ताई

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतरचे सहा रविवार पहिली ते चौथीच्या मुलांना ताल शिकवायचा, असं समितीत ठरलं आहे. दर वेळी ४० मिनिटं. मुलं २२ आणि तबल्याची जोडी एकच, म्हणून मोबाईलची मदत घ्यायचा विचार आहे.

सुरुवात केरवा तालानं करते. आठ मात्रा (ठोके), पहिलीवर टाळी, पाचवीवर खाली (इथं टाळी द्यायची नाही, हात नुसता बाजूला न्यायचा). त्यानंतर दादरा. त्रितालाकडे यंदा जायचं नाही. फोनवर तबल्याचं ॲप ठेका (तालाचे ठरलेले बोल) धरेल, मुलं टाळी देतील. शिवाय क्रोम म्युझिक लॅब या गूगलच्या संकेतस्थळावरचं साँग मेकर वापरायचं आहे, त्यात चौकटी भरल्या की त्या वाजतात. ते ब्राउझरमध्येच उघडतं, कुठे नाव नोंदवावं लागत नाही. त्यात तालवाद्याच्या दोन ओळी असतात. खालच्या ओळीत डग्गा (डाव्या हाताचा, घुमणारा) आणि वरच्या ओळीत चाट (उजव्या तबल्याच्या कडेवरचा आवाज) असं धरून मुलांनी ‘धा गे ना ती, न क धी न’ टिंबांनी भरायचं. डग्ग्याचा घुमार फक्त पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला येतो. मधली जागा रिकामी दिसली की खालीला आवाज कसा हलका होतो ते मुलं डोळ्यांनी बघतील आणि मग कानांनी ओळखतील.

एक अडचण आधीच सांगते. इथं शिकागोकडच्या शाळांत आपली बरीच मुलं एका ठोक्याला ‘ता’ आणि त्याच्या अर्ध्या-अर्ध्याला ‘टी-टी’ म्हणायला शिकली आहेत. आपला ‘ता’ हा तबल्याचा बोल आहे, त्याची लांबी ठरलेली नाही. एका मात्रेत एक ‘ता’ येईल नाहीतर दोन येतील. हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर दुगुन (दुप्पट लय) शिकवताना गोंधळ होईल.

सूचना कळवा.

---

प्रेषक: दुसरीतल्या मुलीचा बाबा

ताई, मेहनत दिसते आहे, पण मला हे पटत नाही. आठवडाभर आम्ही मुलीच्या हातातून टॅबलेट सोडवत असतो. रविवारचे दोन तास ती मराठी बोलते, खेळते, तिथेही पडदाच? टाळी द्यायला दोन हात पुरतात. आम्ही लहानपणी वर्गात बाकावर ताल धरायचो, कोणी शिकवलाही नव्हता.

---

प्रेषक: तबलावर्गाचे काका

बाबांचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. बाकावर धरलेला ताल मजेत पुढे पळायचा आणि ते सांगणारं कोणी नसायचं. फोन ते सांगतो, कारण तो कुणासाठी थांबत नाही.

मात्र ताई, स्पीकर वायरनं जोडा. ब्लूटूथवर आवाज एक-दोन दशांश सेकंद मागे पडतो. नुसता ठेका ऐकायचा असेल तर बिघडत नाही, सगळ्यांना सारखाच उशिरा येतो. पण मुलानं पडद्यावर बोट मारलं आणि ‘धा’ नंतर वाजला तर ते मूल आपलीच चूक समजून बोट आधी मारायला लागतं. मिनिटाला १२० मात्रांची लय घेतली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. त्यात दोन दशांश म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा गेली! ही सवय लागली की मोडायला महिने जातात. पडद्यावर उजळणारे मात्रांचे आकडेही ब्लूटूथवर आवाजाच्या पुढे धावू शकतात.

जी दोन मुलं झूमवरून येतात त्यांना बाकीच्यांबरोबर टाळी द्यायला लावू नका. आवाज जाऊन-येऊन जुळणं शक्यच नाही. त्यांनी माइक बंद ठेवून वाजवावं आणि नंतर ३० सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवावं.

---

प्रेषक: चौथीतल्या मुलाची आजी (मार्चपर्यंत इथेच आहे)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावी एकादशीच्या भजनात पोरांना लगेच टाळ देत नसत. मागे उभं करून आधी पावली शिकवत. पाय बसला की हात आपोआप बसायचा. तुमच्या टिपणात मुलं बसलेलीच दिसली. त्यांना उभं करा. पावली मी दाखवेन, गुडघे अजून साथ देतात.

आणि आरतीला टाळी कशी पळते ते गणपतीत सगळ्यांनी पाहिलंच आहे. सुरुवात संथ, आणि शेवटी काय घाई! पोरांना तेच दाखवा.

---

प्रेषक: संगीतवर्गाची ताई

आजी, तुमचं पत्र वाचून पहिला रविवार पूर्ण बदलला. त्या दिवशी पावली आणि तोंडानं बोल, फोन पिशवीत. आरतीचा प्रयोग तिसऱ्या रविवारी करू. चार मुलं आरती म्हणतील आणि पाचवं मूल मेट्रोनोमच्या (लय मोजणाऱ्या) ॲपमध्ये टाळीबरोबर बोट मारत जाईल. लय मोजून ॲप आकडा दाखवतं. पहिल्या कडव्याचा आकडा आणि शेवटचा आकडा फळ्यावर शेजारी-शेजारी लिहायचे.

बाबा, तुमच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमची काळजी खरी आहे. मला फोन हवा आहे तो मुख्यतः गप्प करण्यासाठी. गेल्या रविवारी सहा मुलांवर करून पाहिलं. मिनिटाला ८० च्या लयीत केरवा लावला, म्हणजे आठ मात्रांचा एक फेरा, एक आवर्तन, सहा सेकंदांचं. दोन आवर्तनं ऐकवली, तिसऱ्याला आवाज पूर्ण कमी केला आणि चौथ्याच्या समेच्या (पहिल्या मात्रेच्या) आधी वाढवला. फोन पालथा ठेवला होता, पडदा कुणालाच दिसत नव्हता. (आवाजच कमी करायचा. पॉज दाबलं तर फोनची मोजणीही थांबते आणि मग ताडून पाहायला काही उरत नाही.) त्या सहा सेकंदांत सहाही मुलं समेवर लवकर पोचली. मग तेच ‘धा गे ना ती’ मोठ्यानं म्हणत केलं, तेव्हा चौघं बरोब्बर समेवर आली. एक मुलगी आनंदानं ओरडली, “तो माझ्यावर आला!” तबला तिच्यावर आला, ती तबल्यावर गेली नाही. हे मला बाकावर वाजवून कधी दाखवता आलं नव्हतं. मी स्वतः ठेका धरते तेव्हा नकळत मुलांसाठी थांबते, सांभाळून घेते.

त्यामुळे प्रत्येकाच्या हातात फोन नसेल. पाच-सहा जणांत एक, तोही वर्गातच. काका, वायर आणते. साँग मेकर चौथ्या रविवारपर्यंत लांबवते, तोवर बोल तोंडात बसतील. तेव्हाही ध्वनी वायरवरूनच.

---

प्रेषक: दुसरीतल्या मुलीचा बाबा

पालथा फोन चालेल. घरच्या सरावासाठी मात्र ॲप सांगू नका, नाहीतर रोज संध्याकाळी त्यावरून वाद होईल.

---

प्रेषक: संगीतवर्गाची ताई

मान्य. घरी फक्त बोल म्हणायचे, गाडीत किंवा जेवण वाढेपर्यंत. चार जुने फोन लागतील, सिम नसलं तरी चालेल, पण हेडफोनचं गोल भोक असलेले हवेत. ज्यांच्या खणात पडले असतील त्यांनी चार्जरसह रविवारी आणावेत. आजी, तुम्ही पावणेदहाला या, खुर्च्या बाजूला करून ठेवते.