जावा बेटावरच्या खेड्यात जमीन घ्यावी का? कोणी राहून आलं असन तं सांगा

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा हटके आहे पण टाकून राहिलो. आमचा चुलतभाऊ इंडोनेशियात जावा बेटावर पुर्वाकर्ताला कापडाच्या मिलमध्ये मेंटेनन्सला आहे, बरेच वर्षं झाले. त्याच्यासोबत काम करणाऱ्या एकाची सासुरवाडी योग्यकर्ताच्या पुढे गुनुंगकिदुल जिल्ह्यात आहे, आणि सासऱ्याला तिथला जमिनीचा तुकडा विकायचा आहे. टेकडीवर आहे, सागाची झाडं आहेत, दुरून समुद्र दिसते म्हणे. भाऊ म्हणते आर्वीत लेआउटमधला एक प्लॉट येणार नाही तेवढ्या पैशात तिथे चांगला अर्धा एकर भेटून राहिला, दोघं मिळून घेऊ, पुढे दोन खोल्या बांधून टुरिस्टला देऊ. कागदावर नाव सासऱ्याचंच ठेवायचं अन् आपसात वेगळी लिखापढी करायची, असा त्याचा हिशोब. सोयाबीनचे पैसे अजून बँकेतच आहेत, पण रोज व्हॉट्सॲपवर फोटो येऊन राहिले अन् आता आईपण म्हणते, जाऊन तं पाहू. तर तिथे आपल्या माणसाला जमीन घेता येते का, गावातलं राहणं कसं आहे, अन् आईला घेऊन जायचं झालं तं नागपूरवरून सोपा रस्ता कोणता?

कोरडवाहू_दारव्हा
राजेहो, इथं एका धुऱ्यापायी सख्ख्या भावासंग तहसीलच्या चकरा चालू हायेत अन् तुम्ही समुद्रापार दुसऱ्याच्या सासऱ्याच्या नावावर वावर घेता! हिंमत हाय बावा. जाणकाराईनं सांगावं, मी फुटाणे खात वाचतो.

काळाकोट
पऱ्हाटी भाऊ, बँकेतले पैसे बँकेतच राहू द्या आणि आधी हे वाचा. इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा १९६० चा आहे. पूर्ण मालकीला तिकडे हाक मिलिक म्हणतात आणि ती फक्त त्यांच्या नागरिकाला मिळते, परदेशी माणसाला गावातही नाही आणि शहरातही नाही. आता नाव त्याचं पैसे आपले, हा जो तुमच्या भावाचा फॉर्म्युला आहे तो बालीत परदेशी लोकांनी भरपूर वापरलेला आहे, आणि त्याच कायद्याचं कलम २६ नेमकं त्याच्यावरच आहे. आडमार्गानं परदेशी माणसाकडे मालकी जाईल असा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. पैशाचं पुन्हा एकदा वाचा. म्हणजे उद्या सासरा फिरला, किंवा तो चांगलाच निघाला पण त्याच्या माघारी पोरं फिरली, तर तुमची आपसातली लिखापढी घेऊन कुठे जाल? तो कागद तुमच्याच विरोधात पुरावा होईल.

सरळ मार्ग आहेत. एक म्हणजे हाक पाकाई, वापराचा हक्क, २०२१ च्या नियमांप्रमाणे आधी ३० वर्षं, मग २० वाढवून आणि पुढे ३० नूतनीकरण. पण त्याला इमिग्रेशनची कागदपत्रं लागतात आणि परदेशी माणसानं घ्यायच्या घराची किमान किंमत सरकारनं ठरवून दिलेली आहे, खेड्यातला स्वस्तातला तुकडा त्यात बसत नाही. दुसरा म्हणजे लांब मुदतीचा भाडेकरार, नोटरीसमोर. तो तुम्हाला जमू शकतो. कंपनी काढून घ्यायचा पण मार्ग आहे, पण त्याला लागणारं भांडवल पाहिलं तर दोन खोल्यांच्या होमस्टेसाठी तो विषयच सोडा. शिवाय जमीन शेतीची असेल तर १९६१ च्या नियमानुसार मालक त्याच तालुक्यात किंवा शेजारच्या तालुक्यात राहणारा पाहिजे, हे त्यांच्या स्वतःच्या लोकांनाही लागू आहे. आपल्याकडे शेतकरी असल्याचा दाखला मागतात, ते त्याच्याही पुढे गेलेत.

आपल्या बाजूनं, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसखाली, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या योजनेखाली, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण १० लाखांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो (रिटर्न भरला की जुळतो), आणि परदेशातली मालमत्ता रिटर्नमध्ये दाखवावीच लागते. दुसऱ्याच्या नावावरची कशी दाखवणार ते भावाला विचारा.

सागवान_यवतमाळ
मी योग्यकर्ताला नोकरीनिमित्त राहून आलो, गुनुंगकिदुलच्या एका गावात मित्राच्या घरी जाणंयेणं होतं म्हणून लिहितो. कायद्याचं वकील साहेबांनी सांगितलं, मी पाण्याचं सांगतो कारण फोटोत ते दिसत नाही.

तो सगळा भाग चुनखडीचा. पाऊस आपल्यापेक्षा जास्त पडते, पण वर थांबतच नाही, दगडातल्या भोकांतून खाली जाते अन् जमिनीखालच्या नद्यांमधून समुद्रात निघून जाते. तिकडचा पावसाळा नोव्हेंबर ते मार्च. जून-जुलै लागला की टाक्या आटतात अन् टँकर सुरू. आपल्यासारखा बोअर मारून पाहू म्हणाल तं तसं नाही, बऱ्याच ठिकाणी पाणी लागतच नाही. ब्रिबिन नावाच्या गुहेत खालची नदी अडवून पंपानं वर उचलतात, ज्या गावाला ती लाइन आहे ते सुखी. मित्राच्या घरी पागोळीचं पाणी सिमेंटच्या मोठ्या टाकीत साठवायचे, अन् त्याची आई भांडे विसळलेलं पाणी बादलीत धरून गुरांसमोर ठेवायची. आता तुम्ही तिथे टुरिस्टला शॉवर देणार हाय काय? तुमची टेकडी समुद्राकडची आहे म्हणता, तं आधी टँकर कुठपर्यंत चढते ते पहा.

बाकी गाव म्हणाल तं माणसं लय चांगली. साग भरपूर, त्यामुळे जुने घरं अख्खे सागाचे, खांब पाहून आपला सुतार रडन. धान कमी, कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) जास्त, तो वाळवून त्याच्या पिठाचं तिवुल करून खातात. रस्त्याच्या कडेला तळलेले नाकतोडे डब्यात भरून विकतात, ती त्या जिल्ह्याची खास वस्तू, चव पाहायची हिंमत मला झाली. बाजार सात दिवसांनी नाही, दर पाच दिवसांनी. जावाचा जुना पाच वारांचा हिशोब आहे, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, अन् कोणत्या गावचा बाजार कोणत्या वाराला ते शेंबड्या पोरालाबी माहीत. म्हणून एका गावचा बाजार आपल्या कॅलेंडरवर कधी सोमवारी कधी शनिवारी येते अन् नवीन माणूस गोंधळून जाते.

वीज सगळीकडे आहे, बहुतेक प्रीपेड. दुकानातून टोकनचा नंबर घ्यायचा, मीटरवरचे बटणं दाबून टाकायचा. बॅलन्स संपत आला की मीटर टीटीटी वाजत राहते, रात्री दोनला वाजलं तं अख्ख्या गल्लीला समजते यांचे पैसे संपले. इथे स्मार्ट मीटरवरून मोर्चे काढणाऱ्याईनं एक रात्र तिथे झोपून यावं.

पाहुणा मुक्कामी राहिला तर २४ तासांत गल्लीच्या प्रमुखाला, म्हणजे आरटीला, कळवायचं अशी पद्धत आहे. रात्री गस्तीची पाळी लावलेली राहते, प्रत्येक घरचा एक माणूस. बायांची महिन्याची भिशी चुकत नाही. पण जवान पोरं गावात दिसत नाहीत, सगळे जकार्ताकडे. आपल्या पोरांचं पुण्याला जाणं वेगळं काय हाय म्हणा.

वरोऱ्याची_सून
पऱ्हाटी दादा, आम्ही सासूबाईंना घेऊन योग्यकर्ताला गेलो होतो म्हणून प्रवासाचं सांगते. मुंबई ते जकार्ता थेट विमान आहे. तिथून गंबीर स्टेशनवरून योग्यकर्ताची रेल्वे, सहा-साडेसहा तास, बसूनच जायचं असते पण खूप स्वच्छ, खिडकीतून सगळे धानाचे बांधे. सासूबाईंना विमानापेक्षा तेच आवडलं. किंवा सिंगापूर, क्वालालंपूरवरून थेट योग्यकर्ताला उतरता येते, पण नवीन विमानतळ शहराच्या पश्चिमेला लांब आहे अन् तुमचं गाव पूर्वेकडे, म्हणजे उतरून परत दोन-अडीच तास गाडीत, त्यात घाट. काकूंना उलटीची गोळी आधीच द्या. व्हिसा तिथे पोचल्यावर भेटते किंवा ऑनलाइन काढता येते, ५ लाख त्यांचे रुपये, आपले अडीच-पावणेतीन हजार. ३० दिवस, अन् एकदा ३० वाढवून भेटते. पासपोर्टची मुदत सहा महिने पाहिजे.

काकू शाकाहारी आहेत का? असतील तर टेम्पे अन् तोफू जिकडे तिकडे भेटते, दोन्ही सोयाबीनचंच. टेम्पे म्हणजे उकडलेल्या दाण्यांची आंबवून केलेली वडी, केळीच्या पानात गुंडाळलेली राहते. पण चटणीत, तिला सांबाल म्हणतात, झिंग्याची पेस्ट घालतात तिचं नाव तेरासी. 'तानपा तेरासी' एवढं पाठ करून जा. वरून कुरकुरीत पापड ठेवतात तोही बरेचदा झिंग्याचाच. आम्ही मेतकूट, चिवडा अन् छोटा कुकर नेला होता म्हणून निभावलं.

कोरडवाहू_दारव्हा
म्हणजे सोयाबीन आपण पिकवतो, भाव नाही म्हणून रडतो, अन् तिकडचे लोक तेच अमेरिकेवरून जहाजानं मागवून रोज जेवतात. वा रे दुनिया. जमीन जाऊ द्या पऱ्हाटी भाऊ, तिकडं सोयाबीन नेऊन इका.

पऱ्हाटी
सगळ्यांचे आभार, वाचून डोकं ठिकाणावर आलं. भावाला हे सगळं पाठवलं तं तो म्हणते सासऱ्याकडे पक्का कागद आहे, लेटर सी नावाचा, गावच्या मुखियाची सही आहे त्याच्यावर.

काळाकोट
लेटर सी म्हणजे गावच्या वहीतली जमीन-कराची नोंद. कर कोण भरत होतं एवढंच त्यावरून कळतं, मालकी नाही. मालकीला त्यांच्या भूमी कार्यालयाचं सर्टिफिकेट लागतं, ते सासऱ्याकडे आहे का ते विचारा. आणि एक गोष्ट फक्त योग्यकर्ताचीच. तिथे आजही सुलतान आहेत, तेच गव्हर्नर, आणि २०१२ च्या कायद्यानं सुलतानाच्या जमिनीला मान्यता दिलेली आहे. समुद्राकडच्या भागात अशी जमीन बरीच आहे, शिवाय ग्रामपंचायतीच्या मालकीच्या जमिनी वेगळ्या. लोक पिढ्यान् पिढ्या कसतात, घर बांधतात, पण विकायचा हक्क त्यांचा नसतो. सासरा खोटं बोलत असेल असं नाही, त्याला स्वतःला ती आपलीच वाटत असेल.

सागवान_यवतमाळ
वकील साहेब बरोबर बोलले. पऱ्हाटी भाऊ, त्याच गावात कोणाचा तरी होमस्टे असन, ऑगस्टमध्ये जाऊन तिथे आठ दिवस राहा. ऐन टंचाईच्या दिवसात गाव कसं चालते ते आईलाही दिसन अन् भावालाही. येतायेता थोडं वळलं की प्रम्बानन आहे, ब्रह्मा विष्णू महेशाची देवळं, आई खुश होईल.

वरोऱ्याची_सून
ऑगस्ट चालेल. फक्त पुढेमागे कधी ठरवलं तर रमजान ईदच्या आठवड्याची तिकिटं काढू नका, अख्खं जकार्ता गावाकडे निघते, रेल्वेचं बुकिंग आधीच फुल होऊन जाते.